परळ हलवा, शिक्रा राहू दे

ताई, सप्रेम नमस्कार.

ह्यांच्या निवृत्तीनंतर, तीन वर्षांपूर्वी, डोंबिवलीची जागा मुलाकडे सोपवून आम्ही गुहागर तालुक्यातल्या घरी कायमचे राहायला आलो. पहिल्याच उन्हाळ्यात मी खळ्यात, तुळशीपासून चार पावलांवर, पाण्याचं परळ, म्हणजे मातीचं पसरट भांडं, ठेवलं आणि बाजूला मूठभर कण्या टाकायला लागले. बुलबुल, सातभाई, दयाळ, चिमण्या, खारी, सगळा गोतावळा जमतो. यंदा माघ सरल्यापासून एक ससाणा येतो आहे. कबुतराएवढा, पाठ राखी, छातीवर तांबूस आडव्या रेघा. माझ्या डोळ्यांदेखत त्यानं परळावरचा बुलबुल उचलला. गेल्या आठवड्यात कोंबडीची दोन पिल्लं कमी झाली. शिमग्याला आलेल्या सात वर्षांच्या नातवानं त्याला गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, बसून पिसं उपटताना बघितलं आणि त्या दिवशी तो जेवलाच नाही. "आजी, याला पोलीस पकडत नाहीत का?" म्हणून विचारत होता. सासूबाई (वय ८६) म्हणतात, असलं पाखरू दाराशी येणं बरं नाही. शेजारचा मुलगा गलोल घेऊन तयारच आहे. हे म्हणतात, परळच बंद कर, कटकट मिटेल. मला मात्र राहून राहून वाटतं, मीच या पाखरांना बोलावून त्याच्या तोंडी देते आहे का? आणि कोणाला न सांगितलेलं एक सांगते. तो आला की मी हातातलं काम टाकून स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभी राहते. मला बघायला आवडतं. हे पाप आहे का?

— खिडकीतली आजी

खिडकीतल्या आजी,

तुमच्या पत्रात घरातल्या-शेजारच्या सगळ्यांची मतं आली, फक्त ज्याच्यावरून हे रामायण चाललंय तो कोण हेच नीट ठरलेलं नाही. आधी ते ठरवू.

तो ससाणा नव्हे, शिक्रा. आपल्याकडे चोच वाकडी दिसली की घार, नाहीतर ससाणा, एवढ्यावर काम भागवतात. पण ससाण्याचे पंख लांब, टोकदार. तो मोकळ्या आभाळातला गडी. शिक्र्याचे पंख आखूड आणि गोलसर, शेपटी लांब. पोफळींच्या दाटीतून आणि फणसाच्या फांद्यांमधून वळणं घेत जायचं तर असंच अंग हवं. म्हणजे तुमच्या आगरातच त्याचं बस्तान असणार. 'टिटुई, टिटुई' असा बारीक, टोचणारा आवाज ऐकलात का? तो त्याचा. अर्थात त्यावरही डोळे मिटून विसंबू नका, कारण कोतवाल त्याची हुबेहूब नक्कल करतो.

दिसण्यातली फसवणूक याहून मोठी आहे. एका चैत्रात मी पंधरा दिवस एका 'शिक्र्या'ला काठी आपटून हुसकावत होते. तोच राखी रंग, त्याच छातीवरच्या रेघा, तीच पट्ट्यापट्ट्यांची शेपूट. मग एका पहाटे त्या पठ्ठ्यानं आंब्याच्या शेंड्यावर बसून 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' सुरू केलं, आणि मी पडवीत काठी घेऊन उभी! पावशा होता तो. आमच्या घरात हा विषय अजून निघतो. पावशाची चोच सरळ असते, शिक्र्याची आकड्यासारखी, आणि पाय बघितलेत तर मग शंकाच उरत नाही. सातभाई मात्र दोघांवरही तुटून पडतात. पावशा त्यांच्या घरट्यात गुपचूप आपलं अंडं ठेवून जातो, तेव्हा त्यांचंही काही चुकत नाही. तुम्ही त्याला बुलबुल नेताना बघितलंय, म्हणजे तुमच्याकडचा खराच शिक्रा.

आणि तो एक नसावा. नर लहान आणि त्याचे डोळे लालभडक; मादी अंगानं मोठी, डोळे पिवळ्या-नारिंगी झाकेचे. शिकारी पक्ष्यांत बहुतेक ठिकाणी मादीच दांडगी असते. उन्हाळा हा त्यांचा विणीचा काळ. आंब्यावर किंवा फणसावर, कावळ्याच्या घरट्यासारखा काटक्यांचा पसारा कुठे दिसतो का ते खालूनच बघा. तीन-चार अंडी, उबवायला अठरा ते एकवीस दिवस, मग पिल्लं उडती व्हायला साधारण महिनाभर. म्हणजे तुमच्या खळ्यावरची ही वर्दळ पाऊस लागेपर्यंत वाढेल असं धरून चाला, आणि सासूबाईंनाही तसं आधीच सांगून ठेवा.

आता परळ. यजमानांचं 'बंदच कर' मला पटत नाही. चैत्र-वैशाखात सड्यावरचं, म्हणजे कातळपठारावरचं, पाणी आटतं, वहाळ कोरडे पडतात. त्या दिवसांत तुमच्या परळाचा आधार किती जिवांना असतो ते तुम्ही रोज बघताच. आणि शिक्रा काही परळावर जगत नाही. सरडे, पाली, नाकतोडे, बेडूक, उंदीर, लहान पाखरं, यांवर त्याचं पोट. परळ नसतं तरी तो जेवलाच असता, फक्त तुमच्या खिडकीसमोर नाही.

पण तुम्हाला जे राहून राहून वाटतं, त्यातही थोडं तथ्य आहे, ते लपवत नाही. तुळशीपासून चार पावलांवर म्हणजे खळ्याच्या मधोमध. चारी बाजू उघड्या, लपायला जागा नाही. पाखरू पाणी पिताना मान खाली घालतं, आंघोळ केली की पंख भिजून जड होतात, आणि कण्या रोज ठरल्या वेळी पडतात. ती वेळ बुलबुलांना कळली तशी शिक्र्यालाही कळली. शिक्रा तुम्ही बोलावलेला नाही, पण ताट मात्र तुम्ही मांडलंय, आणि ते चुकीच्या जागी मांडलंय. एवढीच तुमची चूक, आणि ती उद्या सकाळी दुरुस्त होण्यासारखी आहे.

जास्वंदीची नाहीतर मेंदीची जाळी असेल तर परळ तिच्यापासून दोन-तीन हातांवर न्या. अगदी बुंध्याशी नको. तिथे मांजर दबा धरून बसतं, आणि मांजराची शिकार शिक्र्यापेक्षा कितीतरी जास्त. चार चिरे रचून त्यावर ठेवा. वरून झेप आली तर पाखराला एका भरारीत जाळीत शिरता यावं आणि खालून मांजर आलं तर ते आधी दिसावं, असं अंतर. कण्या पंधरा दिवस पूर्ण थांबवा. उपाशी कोणी राहणार नाही. या दिवसांत वडा-उंबरांवर फळं असतात, किडेही मुबलक. पुन्हा सुरू कराल तेव्हा एका जागी ढीग न घालता आगरात इथे-तिथे विखरा आणि वेळ बदलती ठेवा. परळ रोज घासा, हे सांगायला नकोच.

आणि ती खिडकी. नवी सरकती काच बसवली असेल तर तिच्यात माड आणि आभाळ दिसतं, आणि शिक्रा मागे लागला की पाखरं थेट त्या 'आभाळा'वर जाऊन आपटतात. आमच्याकडे एक तांबट असाच गेला. शिकाऱ्याच्या हातून सुटला होता बिचारा. तेव्हापासून मी काचेबाहेर जुन्या साडीच्या काठाच्या उभ्या पट्ट्या लावल्यात, चार-चार बोटांवर एक. दिसायला बावळट दिसतं, पण उपयोग होतो, आणि पट्ट्यांमधून बघताही येतं.

कोंबडीच्या पिल्लांचा आळ शिक्र्यावर घालण्याआधी जरा थांबा. नेताना कोणी बघितलं का? तुम्ही तसं लिहिलेलं नाही. शिक्रा लहान पिल्लू नेतो, खरं आहे. पण घार नेते, कावळा नेतो, मुंगूस आणि मांजरं तर आहेतच. कोंबडीलाच विचारा, म्हणजे तिचं ओरडणं ऐका. वरून संकट आलं तर ती एक लांब, बारीक सूर काढते आणि पिल्लं असतील तिथे दबतात. जमिनीवरून कोणी आलं तर तिचा 'कक् कक् कक् ककाक' असा कलकलाट चालू होतो आणि थांबतच नाही. आमच्या आईला माजघरात बसून कळायचं की बाहेर घार आहे की मुंगूस. घार असेल तर ती 'हाऽऽड' करून बाहेर धावायची, मुंगूस असेल तर आधी झाडू शोधायची.

पहिला सव्वा-दीड महिना पिल्लं डालग्याखाली ठेवा, किंवा खुराड्यापुढे जाळीचं छत करा. किनाऱ्यावर जुनी मासेमारीची जाळी फुकट मिळतात म्हणून ती तशीच लोंबती टाकू नका. सैल नायलॉनमध्ये धामण अडकते, भारद्वाज अडकतो, कधी शिक्राही, आणि सोडवता सोडवता त्याचा पंख जातो. ताणून बांधा, ढोलाच्या पानासारखी.

जाता जाता एक गोष्ट, तुम्ही विचारलेली नाही तरी. खुराडं आणि कण्या म्हटलं की उंदीर आले, आणि उंदीर म्हटलं की दुकानातून त्या निळ्या-गुलाबी वड्या येतात. त्या आणू नका. ते विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस झिंगल्यासारखा उघड्यावर फिरतो, आणि तोच गव्हाणी घुबडाच्या हाती सापडतो. ते विष मग घुबडाच्या अंगात. जे घुबड वर्षभर फुकटात उंदीर मारणार, तेच आपण मारतो. चिकट पुठ्ठेही नकोत. त्यांवर पाली, चिमण्या, काय वाटेल ते चिकटतं. साधा पिंजरा पुरतो, आणि कण्यांचा डबा घट्ट झाकणाचा.

गलोलवाल्या मुलाला भांडण न करता घरी बोलवा, सरबत द्या, आणि सांगा की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं या पक्ष्याला मारणं, त्याचं घरटं पाडणं, अंडी काढणं हा गुन्हा आहे. आधी सरबत, मग कायदा, हा क्रम महत्त्वाचा. आपल्या गावांत कायद्यानं सुरुवात केली की माणूस हट्टाला पेटतो. त्याला काम द्यायचं तर घरट्यावर लक्ष ठेवायचं द्या. पिल्लू खाली पडलं किंवा पक्षी जखमी झाला, तर टॉवेल टाकून नख्यांसकट अलगद धरायचा, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवायचा, तोंडात पाणी-दूध काही घालायचं नाही, आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. गलोल मारता येणाऱ्या मुलाचे डोळे चांगले असतात, त्यांचा उपयोग करून घ्या.

सासूबाईंशी वाद घालू नका. दाराशी आलेल्या पाखराची भीती त्यांना कोणीतरी लहानपणी घातली असेल, ती शहाऐंशीव्या वर्षी माझ्या पत्रानं जाणार नाही. त्यांना उलट विचारा की त्यांच्या माहेरी देवाची घार कोणती म्हणायचे. तांबूस अंगाची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार दिसली की गरुड म्हणून हात जोडणारी माणसं मी खाडीकाठी खूप बघितली आहेत. त्यांना बरं वाटत असेल तर एखाद्या संध्याकाळी धोपावे-दाभोळ फेरीबोटीवरून फिरवून आणा. साधी घार आणि ब्राह्मणी घार दोन्ही तिथे हमखास. साधीच्या शेपटीला खाच असते, ब्राह्मणीची शेपटी गोल. विष्णूचं वाहन मासळीच्या टाकाऊ तुकड्यांवर झडप घालतं हे त्यांना आवडेल की नाही, ते मात्र तुमचं तुम्ही बघा.

त्यांना वेळासचीही गोष्ट सांगा, मंडणगड तालुक्यातल्या. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची माणसं, भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी, किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडाची घरटी शोधत हिंडत होती. हा गरुड समुद्रसापसुद्धा खातो. २००२ साली या गरुडामागे फिरता फिरता त्यांना वेळासच्या वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली, आणि तिथून ऑलिव्ह रिडले कासवं वाचवण्याचं काम उभं राहिलं. आज लोक पिल्लं समुद्रात जाताना बघायला मुंबई-पुण्याहून येतात. ती माणसं एका शिकारी पाखराच्या मागे गेली नसती, तर ती टरफलं कोणाच्या नजरेस पडली असती?

नातवाचं थोडं वेगळं. त्याला 'तो वाईट आहे' सांगू नका आणि 'निसर्गाचा नियम' हेही सांगू नका. सात वर्षांच्या मुलाला नियम या शब्दाचा अर्थ शिक्षा असाच माहीत असतो, म्हणून तर त्यानं पोलीस काढले. त्यानं शिक्र्याला एकदाच बघितलं, आणि तेही जिंकलेला. त्याला हरताना दाखवा.

मी गेल्या वर्षी असाच एक प्रसंग बघितला. दुपारचे तीन. आमच्या न्हाणीघरामागच्या शेवग्यावर शिक्रा केव्हा येऊन बसला ते मला कळलं नव्हतं. खारीची चिर्रचिर्र चालू झाली आणि सातभाई एकदम गप्प झाले, तेव्हा मान वर केली. खाली गडग्यावर एक सरडा, गळा लाल करून, उठाबशा काढत होता. शिक्र्यानं पंख मारलेच नाहीत. फांदी सोडली आणि गुडघाभर उंचीवरून, गडग्याच्या कडेनं, दगडाला घासून जावा तसा आला. शेवटच्या क्षणी पाय पुढे. आणि सरडा गायब, दोन चिऱ्यांमधल्या फटीत. मग जे झालं ते बघून मी हसले. एवढा रुबाबदार पक्षी, पण कोंबडीसारखा तुरुतुरु गडग्यावरून चालत होता, मान वाकडी करून प्रत्येक फटीत डोकावत होता. एका फटीत त्यानं पाय पार मांडीपर्यंत घातला, चाचपला, रिकामा काढला. पुन्हा घातला. शेवटी अंग फुलवलं, झटकलं, एक पाय पोटाखाली घेतला आणि आपल्याला काही नकोच होतं अशा चेहऱ्यानं बसून राहिला. सरडा पलीकडच्या फटीतून केव्हाच निघून गेला होता.

माझ्या वहीत 'झेप' आणि 'घास' असे दोन रकाने आहेत. 'घास'चा बहुतेक रिकामाच असतो. नातू मे महिन्यात येईल तेव्हा त्याला अशी वही करून द्या. पेन्सिलीनं खुणा करू दे. पिसं गोळा करायला लावू नका, चित्रं काढू दे. घास लागला तर शिक्रा दोन्ही पंख पसरून त्यावर छत्री धरतो, कावळ्यांनी ओढून नेऊ नये म्हणून, तेही त्याला दिसेल. रडला तर रडू दे. जेवायला मात्र त्या दिवशी बांगडा करू नका, कारण तो विचारेल, आणि उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

यावरूनच तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते. विळीवर बसून रोज मासा कापणारी तुम्ही-मी. त्यात कोणाला पाप दिसत नाही, आणि एका पाखरानं आपल्या पोटापुरतं मारलेलं खिडकीतून बघितलं तर ते पाप? छे. आवडतं तर बघा. मलाही आवडतं. त्या क्षणी आवडतं ते मरण नसतं, ती झेप असते, आणि बुलबुल निसटला की तेही तितकंच आवडतं. तुमचंही तसंच होतं का, ते स्वतःशी पडताळून बघा. फक्त बघण्यापलीकडे जाऊ नका. तो यावा म्हणून उघड्यावर कण्या टाकायच्या नाहीत, मोबाइलात फोटो यावा म्हणून घरट्याखाली शिडी लावायची नाही, आणि मुलगा सुट्टीत तो उडता कॅमेरा घेऊन आला तर त्याला तो पेटीतच ठेवायला सांगा. घरट्याशी वर्दळ वाढली की जोडी अंडी सोडून जाते.

तर उद्या परळ हलवा, कण्या थांबवा, काचेला पट्ट्या लावा. आणि पुढच्या वेळी तो गडग्यावर बसला की डोळे लाल आहेत की पिवळे, तेवढं बघून मला कळवा.

तुमची,
ताई